खालच्या आळीचा नंबर

अंथुर्ण्याच्या खालच्या आळीत घरटी दोन-दोन मोबाईल, पण बँकेत दिलेला नंबर सगळ्यांचा एकच. कुंडलिकतात्याचा. आता हसू नका. आळीतली पोरं ऑफर बघून सणासुदीला सिमकार्ड बदलायची, म्हाताऱ्यांचे फोन रिचार्जवाचून मुके पडायचे. तात्याचा नंबर तेवढा पहिल्यापासून तोच, आणि तात्या कायम पिठाच्या गिरणीत बसलेला. खातं उघडताना जो तो म्हणाला, "तात्याचाच टाका की."

त्यामुळं कुणाच्याही खात्याचा ओटीपी यायचा तो गिरणीत. पिठाचे हात झटकून तात्या हाक मारायचा, "कुशाकाकी, तू काय पैसं काढतीयास का?" काकी "न्हाय बाबा" म्हणाली की तात्या तो मेसेज पुसून टाकायचा. भामट्यांचे फोन आळीत सगळ्यांना आले, पण रुपया कुणाचा गेला नाही. तात्याला त्याचा मोठा अभिमान. आळीचा विश्वास हीच त्याची खरी कमाई, बाकी गिरणीत पीठ उडतं आणि वीजबिल येतं.

मग बँकेनं बारामतीच्या मुख्य कचेरीत नवी सिस्टीम बसवली. काही वेडंवाकडं दिसलं की ती आपली आपण खातं गोठवणार, माणसाला विचारायचं कामच नाही. तिला दिसलं काय, तर एका नंबरावर आख्खी आळी. चोरीचा पैसा फिरवणाऱ्या टोळ्या असंच करतात म्हणे! उसाचं बिल जमा व्हायला आणि सगळ्यांची खाती बंद पडायला एकच गाठ पडली.

टेम्पो करून आळी इंदापूरच्या शाखेत गेली. तिथल्या अधिकारी आसावरी मॅडम शिकलेल्या, गोड बोलणाऱ्या. त्यांनी स्क्रीन सगळ्यांना दिसेल अशी फिरवली. तात्याच्या नावापुढं लाल अक्षरात 'संशयित' लिहिलेलं.

"मॅडम, आवं मी गिरणीवाला हाय. ह्यास्नी इचारा की!"

"तात्या, मला पटतंय हो. पण सिस्टीमला माणूस कळत नाही. आता प्रत्येकानं आपापला नंबर द्या, खाती लगेच सुरू होतील."

खात्री पटली तर दोन ओळींचा खुलासा लिहून तो लाल शेरा काढायचा अधिकार बाईंना होता. पण शेरा काढला की बारामतीहून 'का काढला' अशी विचारणा येणार, आणि बढती तर तोंडावर आलेली. विकतचं दुखणं कोण घेतंय?

तात्यानं शेजाऱ्यांकडं बघितलं. एक तरी तोंड उघडेल असं त्याला वाटलं. सर्जेराव आपल्या चपलांकडं बघत राहिला, काकीनं पदर पुढं ओढला. मेल्यांच्या जिभा झडल्या होत्या काय! सगळ्यांनी रांगेनं आपापले नंबर दिले. परत येताना टेम्पोत तात्याच्या शेजारी कुणी बसलं नाही.

"कंप्युटर काय खोटं बोलतोय व्हय?" सर्जेराव पारावर म्हणाला. "आग असल्याबिगर धूर निघत न्हाय."

दळणं वरच्या आळीच्या गिरणीत जायला लागली. आणि अशातच कुशाकाकीचा फोन वाजला. बँकेतून बोलतोय म्हणणारा माणूस फार मायेनं बोलत होता. खातं परत बंद पडणार, असं ऐकताच म्हातारीचं धाबं दणाणलं. तिनं कार्डावरचे आकडे सांगितले, पाठोपाठ आलेला ओटीपीही वाचून दाखवला. उसाचं सगळं बिल गेलं. सिस्टीम मात्र गप्प! खातेदाराचा स्वतःचा नंबर, बरोबर ओटीपी, म्हणजे व्यवहार अस्सल.

आळीला चोर शोधावा लागलाच नाही. काकी गिरणीच्या दारात येऊन ऊर बडवू लागली. "कुंडलिका, दे रं माझं पैसं! माझं औषधपाणी त्याच्यावर हाय!"

"काकी, तुझ्या गळ्याशपत, मी न्हाय घेतलं."

"कंप्युटरनं तुला आदीच वळखलं व्हतं!"

तात्या तसाच एसटीनं इंदापूरला गेला. "मॅडम, ह्यात माझा हात न्हाय, एवढंच लिवून द्या."

"तसं काही सिस्टीम देत नाही, तात्या," बाई म्हणाल्या, आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

काकीचं रडणं काही थांबेना. आई गेली तेव्हा तात्या तिच्याच चुलीपुढं बसून भाकरी खाऊन वाढला होता. त्याच्या जिवाला ते सोसवेना. गिरणीच्या नव्या मोटारीसाठी पत्र्याच्या डब्यात साठवलेले पैसे त्यानं उचलले आणि तिच्या पदरात टाकले. "हे माझं हायती, काकी. मी चोरलं न्हाय. पर तू रडू नगंस."

काकीनं डोळे पुसले, पैसे ओच्यात खोवले आणि तडक पारावर गेली. "दिलं गं बाई मुडद्यानं येकदाचं!"

झालं! घेतलं नसतं तर दिलं कशाला असतं? सर्जेराव स्वतःच्या खर्चानं म्हातारीला इंदापूरला घेऊन गेला. बाईंनी नोंद केली, 'संशयिताकडून रक्कम परत.' बारामतीत कौतुक झालं, सिस्टीमचा अंदाज तंतोतंत खरा ठरला म्हणून. आसावरी मॅडमना बढती मिळाली. तात्याचं खातं कायमचं बंद झालं.

त्या दिवशी तात्या जेवायला बसला. बायको सिंधुबाई इतके दिवस आळीशी तोंडाला तोंड देऊन भांडली होती. माझा नवरा तसला न्हाय, असं हातवारे करून सांगत फिरली होती. आज तिनं भाकरी वाढली आणि समोरच बसून राहिली.

"अवो," ती हळूच म्हणाली, "गिरणी तर कवापासनं बसलीया. मग त्या डब्यात येवढं पैसं आलं कुठनं?"