घासलेल्या वाट्या

पुष्पावतीची माती होऊन तिसरा दिवस होता. तिचा नवरा श्रीमंत भट्टीच्या छपरात गेला आणि तिथंच थबकला. फळीवर तिच्या रंगाच्या वाट्या उपड्या मांडलेल्या. लख्ख.

मेहुणी छबूबाई मागून आली. माणूस गेलं की तिसऱ्या दिवशी घरातलं भांडंन्‌भांडं घासायचं, ही बेलापुरातली रीत. ती तिने पाळली होती.

"दाजी, नुसता करडा चिखल वाळला हुता त्यात. राखेनं लई घासावं लागलं."

भाजायच्या आधी ते सगळे रंग करडेच दिसतात, हे तिला कुठून ठाऊक असणार?

फादरांनी मागे एका पुस्तकात जुन्या बायझंटाईन चर्चमधले संत दाखवले होते, मातीच्या टाइलवर रंगवून भाजलेले. तसेच आपल्या चर्चच्या भिंतीवर हवेत, चौऱ्याण्णवच्या नाताळापर्यंत, म्हणाले. श्रीमंतने टाइल थापायची, भट्टी लावायची, पुष्पावतीने रंगवायचं. बाकी सगळे संत भिंतीवर चढले. शेवटची राहिली संत अन्ना, मरियेची आई. पदर झाला, हात झाले. चेहरा कोरा.

चेहरा ती नेहमी शेवटी करायची.

"आधी केला तर बाई माझ्याकडंच बघत बसती. मग हात चालत न्हाई."

"अन् मी बघतो तवा बरा चालतो?"

"तुमच्याकडं ध्यान कुनाचं हाय!"

चेहऱ्याचा रंग ती प्रवरेच्या गाळात कसकसली पूड घालून अंदाजाने करायची. थोडा जुना मागे ठेवून त्यातच नवा कालवायची, विरजणासारखा. तेच विरजण आता वाटीतून घासून गेलं होतं.

श्रीमंतने स्वतः रंग कालवून फुटक्या टाइलवर लावून बघितला. भट्टी उघडली तर रंग करपलेल्या भाकरीसारखा. परत कालवला, तर कावीळ झाल्यागत पिवळा.

छबूबाई रडायला लागली. "माझ्याच हातानं गेलं, दाजी."

"तू तिच्यासाठीच रीत पाळत हुतीस की."

फादर येऊन गेले. "पुण्याहून कुणी चेहरा करून देईल. बोलवू का?"

"हात तिचे, अन् तोंड दुसऱ्यानं केलेलं?" श्रीमंत म्हणाला.

नाताळ झाला. भिंतीवर एवढा एक सिमेंटचा चौकोन उघडा आहे. टाइल घरात कोनाड्याला टेकवून ठेवलीय. पूड आहे, गाळ आहे, भट्टीही धड आहे.

संत अन्नेचा चेहरा व्हायचा राहिलाय.