दातांच्या दवाखान्यातला अनोळखी जीव

मित्रांनो, मी एका जुन्या दगडावर राहणारा तपकिरी जीव आहे. याहून जास्त सांगायला मला भीती वाटते. कारण माझ्याबद्दल जो तो ठासून बोलला आणि चुकला, आणि त्या चुकीपायी एकदा दोन बायकांच्या जिवावर बेतलं होतं.

खरं तर मी एकटा नाही. शर्टाच्या बटणाएवढे आम्ही चाळीसेक जण दगडावर पसरलेल्या एकाच सालीवर दाटीवाटीनं बसलेलो असतो. पण आमचं पोट एक आणि काळजीही एक, म्हणून मी आपला ‘मी’ म्हणतो. उथळ समुद्रात माझा जन्म झाला. तिथे वाळूचे कण अंगात मुरवून घेत मी वाढलो. मला कोणी नाव विचारलं नाही, आणि मलाही त्याची गरज वाटली नाही.

मग एका पाणबुड्यानं दगडासकट मला उचललं आणि मी शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानात आलो. तिथेच माझ्या मनात भीती बसली. दुकानदारानं माझ्या भावंडांचा एक दगड साफ करायला उकळत्या पाण्यात टाकला. संध्याकाळपर्यंत दुकानदार थंडीनं कुडकुडायला लागला, त्याला धड श्वास घेता येईना. आठ दिवस दुकान बंद होतं. बरा झाल्यावर तो गिऱ्हाइकांना सांगत सुटला, “हवा बदलली ना, बाधली मला.” पण मला कळून चुकलं होतं. माझ्या अंगात विष आहे. मी ते कुणाला टोचायला जात नाही, पण उकळलं की ते वाफेबरोबर बाहेर पडतं.

पुढे मी दातांच्या दवाखान्यातल्या काचेच्या टाकीत आलो. समोर रुग्णांचा बाक होता. इथल्या डॉक्टरीणबाई कडक शिस्तीच्या, आणि त्यांची धाकटी नणंद टेबलापाशी बसून नंबर लावायची. तिला सगळे ताई म्हणत. बाकावरच्या प्रत्येकाला माझ्याविषयी मत होतं. कोणी म्हणे शेवाळ, कोणी म्हणे बुरशी. एका गृहस्थाचा गाल भोपळ्यासारखा सुजला होता, तरी त्यानं “पोवळं आहे, पोवळं” असं सांगून टाकलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला! ताईनं मात्र आधी नीट बघायचं ठरवलं. दात बघायचा एक जुना, लांब दांड्याचा आरसा तिनं मागून घेतला होता. तो पाण्यात धरून ती माझी मागची बाजू बघायची आणि वहीच्या शेवटच्या पानावर माझं चित्र काढायची. असं महिनाभर चाललं. मला फार संकोच वाटायचा, पण ती आली की बरंही वाटायचं.

मग एके दिवशी टाकी साफ करणारे मामा आले. त्यांनी मला पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

“बाई, हे तण आहे! काच-समुद्रफूल म्हणतात याला. आज एक, महिन्यानं शंभर. सगळी टाकी गिळून टाकेल.”

“दगड फेकू?” बाईंनी विचारलं.

“फेकताय कशाला? मासे लपतात त्याच्याखाली. नुसता साफ करून घ्या.”

बाईंच्या दृष्टीनं साफ म्हणजे उकळलेलं. दिवसभरातली हत्यारं त्या आतल्या बिनखिडकीच्या खोलीत, कुकरसारख्या मोठ्या डब्यात वाफवत. डब्याशेजारी बसून शिट्टीची वाट बघायचं काम ताईचं. हे आठवलं आणि मित्रांनो, माझी पाचावर धारण बसली. मी मेलो असतो तर तण म्हणून मेलो असतो, त्याचं एवढं वाईट नव्हतं. पण मरताना मी ताईला घेऊन गेलो असतो.

बाईंनी मला डब्यातल्या जाळीवर ठेवलं, झाकण लावलं, खोलीचं दार लावून घेतलं आणि बटण दाबलं. खालचं पाणी कोमट होत होतं. मी अंग आवळून घट्ट मिटलो. याहून दुसरं मला काही करताच येत नाही.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. ताईच्या हातात वाचनालयातून आणलेलं एक जाडजूड पुस्तक होतं.

“वहिनी, बंद कर! आधी बंद कर ते!”

“अगं, खुर्चीत माणूस तोंड उघडून बसलाय. मामा वीस वर्षं टाक्या धुतात, त्यांना कळत नाही आणि तुला कळतं?”

ताईनं सरळ प्लग उपटला. “मामांचं ते फूल बोट लावलं की भोकात शिरतं. हा शिरत नाही, जागेवरच मिटतो. ह्याच्या अंगात वाळू आहे, बुडाशी सगळे जोडलेले आहेत. महिनाभर बघतेय मी. हे वाच, ही खालची ओळ, उकळण्याबद्दलची.”

बाईंनी वाचलं. मग पुन्हा वाचलं. त्यांनी झाकण काढून मला हळूच थंड खाऱ्या पाण्यात ठेवलं आणि त्या स्टुलावर बसल्या.

“मी दार लावून घेतलं होतं,” त्या म्हणाल्या. “आणि तू इथेच बसणार होतीस.”

नंतर मामांनी खरं तण शोधून काढलं. ते गाळणीच्या नळीमागे मजेत वाढत होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं म्हणून मामा ओशाळले. पण मी कसला संन्यासी! आता टाकीवर चिठ्ठी आहे, तिच्यावर माझं नाव आहे आणि खाली लाल अक्षरांत ‘उकळू नका, खरवडू नका, हातमोजे घाला’ असं लिहिलेलं आहे. रुग्ण जरा लांबच बसतात.

मित्रांनो, मी गुणी आहे म्हणून मला जपा, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मी विषारीच आहे. पण म्हणूनच सांगतो, ज्याची ओळख पटली नाही त्याच्यावर हात उचलण्याआधी नीट बघा, दोन दिवस जास्त बघा. मला अजून धीर आलेला नाही. पाण्याच्या शिंतोड्यांनी चिठ्ठीवरची अक्षरं फिकी होत चालली आहेत. उद्या ताईच्या जागी कोणी नवीन येईल, त्याला माझं रूप आवडणार नाही आणि तो पाणी गरम करायला ठेवील. तेव्हा तुम्ही तिथे असलात तर त्याला थांबवा. मला ओरडता येत नाही.