झाकणांवरची अक्षरं

"खोलीत गेलीस की आधी बूड टेक. उभ्या माणसापाशी कुणी मन मोकळं करत नाही."

ओपलबाईंचं हे सांगणं मनात धरून वर्नाने चाकाचं स्टूल ओढलं आणि डेलबर्ट फ्यूगेट यांच्यासमोर बसली. सोळा वर्षं शाळेची बस चालवून, शेहेचाळिसाव्या वर्षी ती समाजकार्य शिकायला लागली होती. केंटकीच्या डोंगरातल्या या दवाखान्यात डॉक्टरांनी हाक मारली की रोग्याशी पंधरा मिनिटं बोलायचं, हा तिच्या शिक्षणाचाच भाग. ओपलबाई तिथल्या जुन्या समाजसेविका, तिला तयार करत होत्या. आजचं काम नेमकं होतं. म्हाताऱ्याची साखर कधी आभाळाला भिडते, कधी पाताळात जाते. का, ते शोधायचं.

फ्यूगेटांनी खिशातून इन्शुलिन टोचायची दोन पेनं काढून टेबलावर ठेवली. खाण सोडून वीस वर्षं झाली तरी कोळसा अजून नखांत होता.

"यातलं जेवणाआधीचं कुठलं?"

"तू सांग की. शिकतेयस ना?"

वर्ना दोन्ही पेनं त्यांच्यापुढे सरकवून वाट बघत बसून राहिली.

"बायको वाचून द्यायची, मेव्हिस," अखेर ते म्हणाले. "मार्चमध्ये गेली ती. मला अक्षर येत नाही. पण हे त्या कॉम्प्युटरात घालायचं नाही, पोरी. काउंटरवर बसते ती माझ्या बहिणीची नात. संध्याकाळपर्यंत अख्ख्या खोऱ्यात होईल."

"नाही घालणार. कुणालाच नाही सांगणार."

शब्द तोंडातून गेला आणि तिची नजर टेबलावरच्या पेनांवर गेली. पलीकडच्या खोलीतून डॉक्टर हेन्सली आता येतील आणि रात्रीचा डोस वाढवतील. म्हातारा रात्री जेवणाचंच पेन टोचून झोपला तर?

ओपलबाई बाहेरच उभ्या होत्या.

"मी त्यांना एक शब्द दिलाय," वर्ना म्हणाली. "तो पाळला तर त्यांच्या जिवावर बेतेल."

"कसला, ते त्यांना विचारल्याशिवाय मला सांगू नकोस." ओपलबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "कॉलेजात शिकवतात, रोग्याचं गुपित पोटात ठेव. इथं डॉक्टर, नर्स, तू, मी, सगळ्यांचं पोट एकच. हे आधी सांगायचं, मग ऐकायला बसायचं. घाई केलीस."

"आता काय करू?"

ओपलबाईंनी नुसतं दाराकडे बोट केलं.

वर्ना आत गेली, पुन्हा स्टुलावर बसली.

"मिस्टर फ्यूगेट, मघाशी दिलेला शब्द द्यायचा मला अधिकार नव्हता. तो परत घ्यायला आलेय."

"पाच मिनिटं टिकला. माझ्या ट्रकचे ब्रेक याहून बरे."

"हो."

"माझ्या नातवंडांना बर्फात घरपोच आणायचीस. तेव्हा भरवशाची होतीस."

ते लागलं. तिने मान मात्र खाली घातली नाही. "पेनांची अदलाबदल झाली तर एखाद्या सकाळी तुम्ही उठणार नाही. डॉक्टरांना कळलंच पाहिजे. तुमच्या मागे नाही, तुमच्यासमोर सांगेन. आणि काउंटरवर ते दिसू नये म्हणून भांडेनही."

फ्यूगेटांनी टोपी हातात एकदा फिरवली.

"तू गप्प बस. मला तोंड आहे. मीच सांगतो."

आणि डॉक्टर आल्यावर त्यांनी सांगितलं. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत, एका दमात. डॉक्टर हेन्सलींनी हळहळ दाखवली नाही. ड्रॉवरमधून जाड रबरबँड काढला, एका पेनाला दोन वेढे दिले.

"रबरवालं रात्री, बिनरबराचं जेवताना. आता डोळे मिटून सांगा."

डॉक्टरांनी तीनदा पेनं अदलून बदलून त्यांच्या हातात दिली; तिन्ही वेळा बरोबर आलं. डोस वाढला नाही. काउंटरवर उघडणार नाही अशी नोंद डॉक्टरांनी वर्नासमोरच केली.

निघताना म्हातारे दारात थांबले.

"आणखी एक शब्द देशील?"

"आधी ऐकते. मग सांगते."

त्यांच्या मिशा किंचित हलल्या. "तळघरात मेव्हिसने भरलेल्या पीचच्या बरण्या आहेत. शंभरेक तरी. झाकणांवर तिने लिहून ठेवलंय."

"साखर घातलेल्या कुठल्या, ते बघायचंय?"

"ते जिभेला कळतं गं. वर्ष कळत नाही." त्यांनी टोपी डोक्यावर नीट बसवली. "गेल्या उन्हाळ्यातल्या, तिच्या हातच्या शेवटच्या, बाजूला काढून हव्यात. रोज बरणी उघडताना वाटतं, शेवटची हीच असली तर?"

वर्नाने बाहेर उभ्या असलेल्या ओपलबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली.

"आज साडेचारला येते," वर्ना म्हणाली. "एवढा शब्द मला देता येतो."

चारला तिने राहिलेल्या नोंदी पुऱ्या केल्या. तळघरात अंधार असेल म्हणून टॉर्च घेतला, वाचायचा चष्मा पुसून पर्समध्ये ठेवला, आणि फ्यूगेटांच्या घराकडे, ओढ्याकाठच्या चढाला गाडी घातली.