बर्फाला घाम फुटेपर्यंत

मी लसीची पेटी बोलतेय. निळी, चौकोनी, खांद्याला अडकवायचा पट्टा असलेली. रस्त्यात लहान मुलं मला आईस्क्रीमची पेटी समजून मागे लागतात, आणि आत इंजेक्शन आहे कळलं की अशी धूम ठोकतात की विचारू नका!

माझा जन्म प्लॅस्टिकच्या कारखान्यात झाला. भिंतींत जाड फोम भरला, वर घट्ट झाकण बसवलं, आणि काम एकच दिलं, थंडी सांभाळायची. बाकी मी अडाणीच. पण अकरा वर्षं एका नर्सबाईंच्या खांद्यावर काढली आहेत, त्यामुळे माणसं काय सांगतात आणि काय लपवतात हे मला जवळून ठाऊक आहे. सगळे त्यांना सिस्टर म्हणतात, मीही तेच म्हणते.

सिस्टरांची एक शिस्त होती. फ्रीझरमधून आइसपॅक काढले की ते आधी टेबलावर मांडायचे आणि गप्प बसायचं. बर्फाला घाम फुटला पाहिजे. मग एकेक पॅक कानाशी धरून हलवायचा. आत पाणी खळखळलं तरच तो माझ्या पोटात. कडक पॅक घातला तर शेजारची बाटली गोठते आणि लस वाया जाते. नव्या नर्सना त्या म्हणायच्या, "ज्यांना घाई आहे त्यांनी बस पकडावी, लस पकडू नये."

मग एमपॉक्सची साथ आली. ताप, सुजलेल्या गाठी, अंगभर फोड. आमच्या भागातला एक ट्रक ड्रायव्हर आठवडाभर "घामोळं आहे, घामोळं" म्हणत बाह्या खाली ओढून फिरला. शेवटी त्याला उचलून वॉर्डात न्यावं लागलं. घरी त्याची बायको, म्हातारी आई आणि तीन वर्षांची मुलगी. तिघी त्याच्याच पांघरुणात झोपलेल्या, त्याच्याच टॉवेलने तोंड पुसलेल्या.

"त्यांना वॉर्डात नेल्यापासून चार दिवसांच्या आत लस टोचली तर आजार थोपवायची चांगली आशा आहे," सिस्टर बंद दाराबाहेरून सांगत होत्या. आरोग्य केंद्रात तीनच बाटल्या उरल्या होत्या, एका बाटलीत एकीपुरती लस. नवा साठा यायला दहा दिवस होते.

आतून बायको म्हणाली, "जा हो तुम्ही! ती पेटी घेऊन दारात उभ्या राहता, अख्खी गल्ली बघतेय. उद्या माझ्या पोरीशी कोण खेळेल?"

दुसऱ्या दिवशीही दार बंद. तिसऱ्या दिवशी सिस्टरांनी मला भाजीच्या पिशवीत लपवून नेलं, तरीही बंद. दाराच्या फटीतून ती पोरगी तेवढी आम्हाला बघून हात हलवत होती.

चौथ्या दिवशी सकाळी फोन आला. "या. पण आत्ताच्या आत्ता या. सासूबाई कशाबशा हो म्हणाल्यात, तासाभरात बदलतील."

सिस्टरांच्या डोळ्यांत पाणीच आलं. फ्रीझर उघडला, पॅक काढले आणि तसेच माझ्यात कोंबले. अहो सिस्टर, थांबा! काय करताय हे? मला ओरडावंसं वाटत होतं, पण पेटीला कुठलं तोंड? दगडासारखे पॅक, आत पाण्याचा थेंब वाजत नव्हता. त्यांनी झाकण दाबलं आणि अक्षरशः पळत निघाल्या. आणि मी मेली इमानेइतबारे ती थंडी सांभाळत राहिले. जरा ढिली असते तर बरं झालं असतं, असं त्या वाटेवर मला पहिल्यांदा वाटलं.

दार उघडंच होतं. पोरीला मांडीवर घेऊन बायकोने तिची बाही वर केली होती. म्हातारी भिंतीकडे तोंड करून बसली होती.

सिस्टरांनी पहिली बाटली उजेडात धरली आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. दुसरी. तिसरी. तिन्ही गोठलेल्या.

"बघताय काय? टोचा की," बायको म्हणाली.

मुठीत धरून ऊब दिली असती तर दोन मिनिटांत पाणी झालं असतं. कुणाला कळलंही नसतं. सिस्टरांच्या मनातही ते आलंच असणार, कारण त्यांनी एकदा मूठ मिटली. मग उघडली.

"बाई, ही लस नाही देता येणार. माझी चूक झाली. मी घाई केली, लस गोठली."

"मग वितळवा ना!"

"ती वितळेल, पण तिचा भरवसा राहणार नाही. टोचली तर तुम्ही निर्धास्त व्हाल, आणि ते फार वाईट."

"चार दिवस माझं डोकं खाल्लंत!" बायको किंचाळली. "मी लाज सोडली, सासूशी भांडले, आणि आता हे? निघा!"

सिस्टर निघाल्या नाहीत. उंबऱ्यात उभं राहून त्यांनी सांगितलं, रोज सकाळी तळहात बघा, तोंड बघा, टॉवेल वेगळे करा, कपडे उकळा. मग केंद्रात येऊन स्वतःची चूक स्वतःच लिहून दिली. चार ठिकाणी फोन करून हातापाया पडल्या, पण लस कुठेच नव्हती.

सातव्या दिवशी त्या बायकोचा फोन आला. आवाज अगदी हळू होता. "तिच्या तळहातावर एक पुटकुळी आलीय. एकच आहे हो. घामोळं असेल ना?"

सिस्टरांनी लगेच वॉर्डात एक खाट मागून घेतली.

पोरगी आता वॉर्डात बापाच्या शेजारच्या खाटेवर आहे. फोड डोळ्यापर्यंत पोचलेत. बाप तिच्याकडे पाठ करून झोपतो, म्हणजे तिला तो रडताना दिसत नाही.

आज साठा आला. सिस्टरांनी पॅक टेबलावर मांडले आणि हात मांडीवर ठेवून बसल्या. बर्फाला घाम फुटला. प्रत्येक पॅक त्यांनी तीन-तीनदा हलवला. उशिरा टोचली तरी आजार सौम्य राहायची आशा असते, म्हणून मग आम्ही त्याच दारात गेलो.

"डोळा वाचेल ना तिचा?" बायकोने विचारलं.

"डॉक्टर झटतायत. मला खरंच माहीत नाही."

बायकोने मान हलवली आणि दंड पुढे केला. मग म्हातारीने.

अंगावर फोड उठला तर दाखवा हो, बाबांनो. दार पहिल्याच दिवशी उघडा, म्हणजे कुणाला धावत सुटावं लागणार नाही. एवढं एका पेटीचं ऐका.

सिस्टर आवरू लागल्या तेव्हा बायकोने माझ्यात डोकावून बघितलं. "एक उरली," ती म्हणाली.

सवयीने सिस्टरांनी या घरासाठी तीनच घेतल्या होत्या.