उभ्याने घेतलेले माप

मी एक जुना मास्क आहे. मास्क म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जो येतो तो मी नव्हे. मी तोंड झाकत नाही, धूळ अडवत नाही, नाटकात सोंग घेणाऱ्याच्याही कामाला येत नाही. मला पहिल्यांदा पाहणारा माणूस मला उलटासुलटा करतो आणि शेवटी विचारतो, हे घालायचे कुठे? करंगळीच्या टोकाएवढ्या दोन मऊ, पोकळ उशा नाकपुड्यांच्या तोंडाशी टेकतात. त्यांना धरून ठेवायला डोक्यामागून जाणारा एक पट्टा असतो. खाली एक लांब नळी, तिचे दुसरे टोक मशीनमध्ये. एवढाच माझा संसार.

मित्रांनो, काही माणसांचा श्वास झोपेत अडतो. गळा आतून मिटतो. माणूस घोरता घोरता एकदम गप्प होतो, मग धडपडून श्वास घेतो आणि पुन्हा घोरू लागतो. त्याला स्वतःला यातले काही कळत नाही. शेजारी झोपणाऱ्याला मात्र सगळे कळते. अशा माणसाच्या नाकातून रात्रभर हवेचा हलका दाब देत राहिले की गळा उघडा राहतो. हवा मशीन देते. ती वाटेत न सांडता नाकापर्यंत नेणे हे माझे काम.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. गरम साच्यातून मी बाहेर आलो तेव्हा पाण्यासारखा आरपार दिसत होतो. एका कामगार बाईने मला दिव्यासमोर धरले आणि माझ्या कडांवरून बोटाची आतली बाजू फिरवली. कुठे बुडबुडा नाही, कुठे चीर नाही, अशी खात्री झाल्यावर तिने मला पाकिटात ठेवले. माझ्यावर मधल्या मापाच्या उशा चढवलेल्या होत्या. सोबत लहान आणि मोठ्या मापाच्या उशा वेगळ्या दिल्या होत्या, कारण सगळ्यांची नाके काही एका साच्यातून काढलेली नसतात.

तिथून मी दुकानात आलो. मास्क बसवून देणाऱ्या ताई तिथे बसत. त्यांच्या टेबलामागे एक पडदा होता आणि पडद्यामागे एक खाट. येणाऱ्या प्रत्येकाला त्या खाटेवर आडवे करत, नाकाला मास्क लावत आणि मशीन चालू करून त्याला कूस बदलायला सांगत. मग स्वतः दुसरेच काही काम काढून बसत. कान मात्र पडद्याकडे. हवा कुठून फुसफुसते आहे ते त्यांना बसल्या जागी समजे. प्रत्येक माणसानंतर उशीचा अभ्रा बदलायला त्या कधी विसरल्या नाहीत.

एका सकाळी मास्तर आले. ते शिंपी होते, पण आख्खा मोहल्ला त्यांना मास्तरच म्हणे. भरघोस मिशा, गळ्यात टेप, नाकावर घसरलेला चष्मा. सोबत काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, आणि दप्तर पाठीला लावलेली नात. त्यांच्या बोलण्यातून मला त्या घराची हकिगत कळली. कित्येक वर्षे काकू एका कानाने जाग्या राहून झोपत होत्या. मास्तरांचा श्वास थांबला की कोपराने ढोसायचे आणि "अहो, कुशीवर व्हा," म्हणायचे. ते वळत, श्वास घेत, पुन्हा घोरत. काकू पुढच्या थांबण्याची वाट बघत. संसार असाच चालला होता. दिवसा फोडणी करपेपर्यंत काकू उभ्या उभ्या पेंगत, आणि मास्तर दुकानात. शेवटी एकदा कापता कापता मास्तरांचा डोळा लागला आणि कात्री गिऱ्हाइकाच्या कोटाच्या पुढच्या भागातून सरळ निघून गेली. तेव्हा कुठे ते डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी झोपेची तपासणी केली आणि स्पष्ट सांगितले की श्वास अडण्याचा ताण हृदयावर येतो आहे, हे हसण्यावारी नेऊ नका.

ताईंनी आधी त्यांना नाक-तोंड झाकणारा मोठा मास्क दाखवला. मास्तरांनी तो लावला आणि लगेच उपसून काढला. जीव गुदमरतो म्हणाले. मग ताईंनी मला बाहेर काढले. मिशांना धक्का नाही, चष्मा लावता येतो, निजून पेपर वाचता येतो. मास्तर खूष झाले. आरशासमोर उभे राहून त्यांनी मला नाकाला लावले, मान इकडे केली, तिकडे केली, आणि फिटिंग उत्तम आहे असा निकाल दिला.

ताई म्हणाल्या, "आता आडवे व्हा. ज्या कुशीवर झोपता त्या कुशीवर."

मास्तरांनी पडद्याकडे पाहिले. मग बाकावर बसलेल्या माणसांकडे पाहिले.

"ताई, इतकी वर्षं मी लोकांची मापं घेतोय. उभ्याने घेतो. आजवर एकाही गिऱ्हाइकाला झोपवून माप घेतलेलं नाही."

"तुमचा सदरा माणसाबरोबर उभा राहतो, मास्तर. हा झोपणार आहे."

"चारचौघांत पाय पसरून झोपायला मी काय आजारी आहे?"

"आहातच की," काकू म्हणाल्या.

बाकावरचे लोक हसले. ताईही हसल्या. मास्तर तर सगळ्यांत मोठ्याने हसले, आणि त्या हसण्यात ती खाट तशीच राहून गेली. मधल्या मापाच्या उशा आरशासमोर ठीक बसल्या होत्या. माझे पाकीट काकूंच्या पिशवीत गेले.

घरी माझे स्वागत थाटात झाले. नातीने मला सोंड असे नाव दिले आणि आजोबांचा हत्ती झाला म्हणून ती घरभर नाचली. मास्तर पाठीवर निजले की मी छान काम करत असे. मशीन एका सुरात हळू गुणगुणे. मास्तरांचा श्वास येई आणि जाई, येई आणि जाई, जसा तुमचा माझ्या बोलण्याकडे लक्ष देताना येतो तसा. पहिल्या सकाळी काकू उठल्या तेव्हा त्यांना आपण कुठे आहोत तेच कळेना, इतक्या त्या गाढ झोपल्या होत्या. सुनेला म्हणाल्या, "त्या मशीनचा आवाज ऐकला की वाटतं, आता कुणीतरी जागं आहे. मी झोपले तरी चालेल." मित्रांनो, माझे एवढे कौतुक पुन्हा कधी झाले नाही. माझ्या सुखाचे दिवस सांगायचे तर तेवढेच.

मास्तरांची सवय डाव्या कुशीवर झोपण्याची. पाठीवर ते किती दिवस राहणार? कुशीवर वळले की गालाखालच्या गादीने मी रेटला जाई. एका बाजूची उशी नाकपुडीवरून सरके आणि हवा फुस्सकन त्यांच्या डोळ्यांत जाई. ते पट्टा आवळत. दुसऱ्या रात्री आणखी आवळत. माझ्या उशा हलक्या टेकल्या तरच नीट बसतात. दाबल्या की चेपतात, आणि चेपल्या की जास्त गळतात. मला हे ठाऊक होते. पण मला तोंड नाही, नुसती भोके आहेत.

त्यांच्या गालांवर पट्ट्याचे वळ उठू लागले. दुकानात गिऱ्हाइके विचारत, मास्तर, काकूंनी लाटणं चालवलं की काय? मास्तर म्हणत, नाही हो, लाड आहेत ते. काकूंनी ताईंना फोन केला. ताईंनी सांगितले की पट्टा सैल करा, मोठ्या मापाच्या उशा लावून बघा आणि त्यांना इकडे घेऊन या, या वेळी झोपवल्याशिवाय सोडत नाही. काकूंनी निरोप जसाच्या तसा दिला. मास्तरांना तो पटला नाही. शिवण सैल सोडून कधी गळती थांबते का, असे त्यांचे म्हणणे पडले. ढगळ झालेले कपडे आवळून शिवून देण्यात त्यांची हयात गेली होती.

एके दुपारी ते मला दुकानात घेऊन गेले. त्यांनी माझ्या पट्ट्यावर खडूने खूण केली, तो दुमडला आणि शिलाई मशीनखाली धरला. सुई माझ्यातून आरपार गेली. त्यांनी दुहेरी टीप घातली, दोरा दातांनी तोडला आणि काम बघून समाधानाने मान हलवली. इतकी सुबक टीप मी कुठल्या कारखान्यात पाहिली नव्हती. त्या दिवसापासून माझा पट्टा ताणला जाईना. मोठ्या मापाच्या उशा आता लावल्या असत्या तरी मी सैल होऊ शकलो नसतो.

मग त्यांच्या नाकपुड्या आतून सोलल्या. शिंकरले की रक्त येई. मला हातात घेताच त्यांचा चेहरा आक्रसे. काकूंनी विचारले की ते म्हणत, काही नाही गं, झकास आहे.

मित्रांनो, आता जे सांगायचे आहे ते सांगताना मला जड जाते.

काकूंचा डोळा लागेपर्यंत मास्तर मला लावून पडून राहत. काकूंचा श्वास संथ झाला की मला हळूच काढत, हवेचा फुसफुसाट होऊ नये म्हणून टॉवेलमध्ये गुंडाळत आणि आपल्या उशीशेजारी ठेवत. मशीन बंद करत नसत. ते गुणगुणत राही आणि काकू त्या आवाजाच्या भरवशावर झोपून राहत.

दुकानात त्यांच्या शेजारी टेबल टाकून एक इस्त्रीवाला काम करत असे. दोघांची जुनी मैत्री. एकदा टीप पुन्हा घट्ट करायला मास्तरांनी मला दुकानात नेले होते, तेव्हा त्यांनी त्याला हे सांगितले. एखादी गंमत सांगावी तसे सांगितले. इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी केली.

"मास्तर, हे बरं नाही. वहिनींना सांगा."

"काय सांगू? किती वर्षांनी झोपतेय ती. सांगितलं की पुन्हा रात्रभर कोपर मारत बसेल."

"मग नाकाला लावा ना ते."

"नाक सोललंय रे. बरं झालं की लावतो."

इस्त्रीवाल्याने इस्त्री पुन्हा उचलली. गिऱ्हाईक आले.

मित्रांनो, मी रात्रभर टॉवेलला श्वास देत होतो. मास्तरांचा कान माझ्यापासून वीतभर अंतरावर होता. त्यांचे घोरणे थांबे. खोली गप्प होई. मी वाट बघे. पूर्वी अशा वेळी पलीकडून एक कोपर येत असे. आता पलीकडची बाई निवांत झोपली होती, कारण मी आहे असे तिला वाटत होते. माझ्यामुळे तो पहारा उठला होता. मी आलोच नसतो तर निदान ते कोपर राहिले असते, हा विचार मला आजही सोडत नाही.

शेवटच्या सकाळी काकू आपोआप जाग्या झाल्या. भिंतीवर ऊन आले होते. मशीन चालू होते. लागली आहे झोप तर लागू दे, असे म्हणून त्यांनी दार हलकेच ओढून घेतले. नातीलाही दबक्या आवाजात बोलायला लावले. दुकान उघडायची वेळ टळली तेव्हा त्या आत आल्या आणि मशीन बंद करायला वाकल्या. नळी कुठे जाते ते त्यांनी पाहिले. टॉवेल उलगडला. मी कोमट होतो. मग त्यांनी मास्तरांच्या गालाला हात लावला.

डॉक्टर म्हणाले, झोपेत हृदय थांबले. मी नाकावर असतो तर ते जगले असते का, हे कुणाला सांगता येणार नाही. मलाही नाही. पण भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला काकू एकच सांगत होत्या, "मशीन चालू होतं ना. मला आवाज येत होता." लोक मान हलवत. इस्त्रीवाला आला आणि दारातच उभा राहिला. मास्तर दुकानात काय म्हणाले होते ते त्याने सांगितले. काकूंनी त्याला दोष दिला नाही. नुसते विचारले, "मला झोप मिळावी म्हणून?"

काही दिवसांनी काकू मला ताईंकडे घेऊन गेल्या. ताईंनी पट्ट्यावरची ती सुबक टीप बोटाने चाचपली. मग म्हणाल्या, "त्या दिवशी मी हसायला नको होतं. हात धरून झोपवायला हवं होतं." मशीन ताईंनी दुसऱ्या कुणा गरजू माणसाला नवा मास्क लावून दिले. दुसऱ्याच्या नाकाला लागलेला मास्क कुणी वापरत नाही, म्हणून मी परत आलो. आता मी दुकानातून घरी आणलेल्या शिलाई मशीनच्या खणात, रिकाम्या बॉबिनांमध्ये पडून असतो. माझा रंग पिवळा पडला आहे. उशा कडक झाल्या आहेत.

खण अर्धवट उघडा राहतो, त्यामुळे घरातले बोलणे ऐकू येते. परवा दुपारी सून काकूंना विचारत होती की रात्री झोप लागते ना. काकू म्हणाल्या, "लागते गं. अगदी गाढ लागते. ऐकायला कुणाचा श्वासच नसतो. सकाळी उठले की लाज वाटते."

मित्रांनो, माझ्यासारख्यांना घरी आणाल तेव्हा चारचौघांसमोर खुशाल आडवे व्हा. कूस बदलून बघा. गळत असेल तर सैल करा, मोठे माप मागा, दुसरा मास्क मागा. देणाऱ्याला त्याचा राग येत नाही. आणि तुमच्या घरात कुणी आजोबा, काका, आई मला लावून झोपत असतील, तर सकाळी एकदा त्यांच्या नाकाकडे नीट बघा. ते लाल दिसले तर दुखते का विचारा. ते म्हणतील, काही नाही रे, झकास आहे. तेवढ्यावर विश्वास ठेवून शाळेत जाऊ नका.