सुट्या तारेचं उत्तर

न मोजता उत्तर लिहिणाऱ्यांची मला किळस येते. आमच्या संध्याकाळच्या वर्गात अशी सतरा माणसं होती, आणि अठरावे खुद्द मास्तर.

मास्तर दिवसा आमच्याच कारखान्यात फिटर. पत्रा कापायच्या प्रेसला दोन बटणं. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच प्रेस खाली येतो. वर्गात त्यालाच त्यांनी अँड गेट म्हटलं: बटण दाबलं म्हणजे एक, सोडलं म्हणजे शून्य; दोन्हीकडून एक आला तरच उत्तर एक, नाहीतर शून्य. प्रेसवरचं ते सर्किट त्यांनीच, वर्गातल्यासारखीच अँड गेटची चिप लावून, बसवलेलं, म्हणून मिजास केवढी! त्या प्रेसवर माझी धाकटी जाऊ काम करते.

प्रयोगात विचारलं होतं, एका बाजूची तार सुटली तर उत्तर काय? सगळ्यांनी जुन्या वहीतून शून्य उतरवलं. मी चिपची एक तार काढून पाहिली. दुसऱ्या बाजूला एक दिला, तर उत्तराचा दिवा लागलाच. सुटी तार चिपला शून्य नव्हे, एक वाटत होती. मास्तरांनी चिप खराब ठरवली. मी दुसरी लावली, तरी तेच. मग ते वैतागले आणि म्हणाले, शहाणपणा पुरे, शून्य लिहा, सही देतो. सहीशिवाय परीक्षा नाही, परीक्षेशिवाय दुरुस्ती खात्यात बदली नाही. मी मुकाट्याने शून्य लिहिलं. स्वतःचीच शिसारी आली.

घरी जाऊ लेकीची वेणी घालत होती. तिच्या बोटांकडे मला बघवेना.

सकाळी प्रेसपाशी मी तिला बाजूला उभं केलं, फिटरला, म्हणजे मास्तरांनाच, बोलावलं. वीज बंद करून डाव्या बटणाची तार काढली. वीज सुरू केली, पात्याखाली पुठ्ठा सरकवला आणि फक्त उजवं बटण दाबलं. पुठ्ठ्याचे दोन तुकडे झाले. हा सूर्य, हा जयद्रथ.

फिटरने आधी इकडेतिकडे बघितलं. "वर बोलू नका, ताई," तो पुटपुटला. "पास करतो तुम्हाला."

जावेचा चेहरा पांढरा पडला होता. "मागच्या महिन्यात ही तार सुटली होती," ती त्याला म्हणाली. "तुम्ही म्हणालात, आता प्रेस हलणारच नाही, खुशाल आत हात घालून पूस. मी उजव्या बटणाच्या अगदी शेजारी कोपर टेकून पुसत होते."

"पण झालं काहीच नाही ना?" तो म्हणाला.

मी मेन स्विच पाडला आणि साहेबांच्या केबिनकडे निघाले. जाऊ माझ्याही पुढे होती.