गलका नाण्यामागची म्हैस

मी एक नाणं आहे, आणि तेही जुनं! चार वर्षांचं! हसलात ना? हसा, मित्रांनो. पण माझ्या जगात चार वर्षं टिकलेलं नाणं म्हणजे खापरपणजोबाच. माझ्याबरोबरची कितीतरी नाणी वर्षाच्या आत मातीला मिळाली आणि मी अजून ठणठणीत आहे. ठणठणीत आपलं म्हणायचं, कारण मला आपटलंत तरी आवाज यायचा नाही. मला छापा नाही, काटा नाही, वजन नाही. मी फोनमध्ये राहते.

'गलका' नावाचं एक ॲप आहे. त्यावर लोक फोटो टाकतात, व्हिडिओ टाकतात, एकमेकांची उणीदुणी काढतात. ज्याचं लोकांना आवडतं त्याला बक्षीस म्हणून ॲपकडून मी मिळते; माझंही नाव गलकाच. टाकसाळ नाही की भट्टी नाही, संगणकाच्या हिशेबातून मी रोज थोडी थोडी पाझरते. ज्याच्याजवळ मी जास्त, त्याच्या पसंतीला तिथं मान जास्त. म्हणून हौशी लोक मला रुपये देऊन विकतही घेतात. घेणारे वाढले की माझा भाव वाढतो, आणि भाव वाढला की काय सांगू, अंगात वारंच भरतं!

कोल्हापुरात माझा मुक्काम संगमेशच्या फोनमध्ये होता. गवळ्याचं घर. वडील वारल्यापासून गोठ्याचा कारभार संगमेशच बघायचा, आणि त्याची आई शिवगंगाबाई रोज संध्याकाळी म्हशी घेऊन दूध कट्ट्यावर जायच्या. तिथं गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायची आणि फेसाळता पेला त्याच्या हातात द्यायचा, अशी रीत. त्यांच्या म्हशींत चांदणी सगळ्यांची लाडकी. पंढरपुरी जात, शिंगं पार पाठीपर्यंत गेलेली, कपाळावर पांढरा ठिपका. दुसऱ्या म्हशी वेळ झाल्याशिवाय थेंब देत नाहीत, ही बया गिऱ्हाईक आलं की पान्हा सोडायची.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्या कोल्हापुरात म्हशींची मिरवणूक निघते. शिंगं रंगवायची, मोरपिसं लावायची, गळ्यात घुंगरांच्या माळा घालायच्या आणि मग पुढं मालकाची मोटारसायकल, मागं पळणारी म्हैस! संगमेशनं पळणाऱ्या चांदणीचा व्हिडिओ गलकावर टाकला आणि अहो, काय सांगू! शेजारच्या गडमुडशिंगीपासून दुबईपर्यंत लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. संगमेशच्या खात्यात माझ्या राशी पडायला लागल्या. मग रोज चांदणीचा एक व्हिडिओ. चांदणी आंघोळ करताना, चांदणी रवंथ करताना, चांदणी गिऱ्हाइकाचा रुमाल खाताना. त्याच सुमारास माझा भावही चढायला लागला. मला वाटलं, हे सगळं माझ्या तेजामुळंच! गर्वानं मी नुसती फुगले होते.

"अव्वा, नाणं दुप्पट झालं की!" संगमेश कट्ट्यावरच ओरडला. घरात आईला अव्वा म्हणायची पद्धत.

"व्हय? मग त्याची धार काढ आन पेला भर," शिवगंगाबाई म्हणाल्या. गिऱ्हाइकं खो खो हसली. मला असा राग आला!

पण संगमेशच्या डोक्यात एक बेत शिजत होता. चांदणीला विकायचं, आलेल्या पैशाचं गलका घ्यायचं, भाव चौपट झाला की विकून चार म्हशी आणायच्या. सरळ हिशेब! शिवगंगाबाईंनी ऐकलं आणि दोन दिवस त्या पोराशी बोलल्या नाहीत. मी मात्र आनंदानं वेडी झाले. एका म्हशीचं मोल माझ्यात येणार, मी आणखी मोठी होणार!

जयसिंगपूरचे म्हशींचे व्यापारी अमरसिंह एका सकाळी नवं दावं घेऊन गोठ्यात हजर झाले. विसार आधीच दिलेला होता. चांदणीनं त्यांचा हात हुंगला आणि मान फिरवली. अमरसिंहांनी दावं तिच्या गळ्याशी नेलं, तशा शिवगंगाबाई पुढं झाल्या.

"पावणं, जरा दम खावा. संग्या, मला एवढंच सांग. मी दूध इकतो तवा गिऱ्हाइकाला म्हस दावतो. तुझ्या ह्या नाण्यामागं म्हस कुठली?"

संगमेश हसला. "अव्वा, तसं नसतंय ते. त्याच्यामागं लोक हायत. लोक येत्यात, बघत्यात, म्हणून त्याला भाव हाय."

"आन लोक तुझ्याकडं काय बघाय येत्यात?"

"चांदणीला की!" तो बोलून गेला.

"मग ती जयसिंगपूरला गेल्यावर काय बघतील? तुझं थोबाड?"

अमरसिंह एवढे हसले की दावं हातातून गळून पडलं. आणि मी? चार वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. मित्रांनो, साऱ्या जगाचा गलका काही एकट्या चांदणीवर चालत नव्हता, एवढं मलाही कळतं. पण जिथं जिथं लोकांची नजर खिळत होती, तिथं कुणाची तरी चांदणी होती. कुठं कुणी झणझणीत मिसळ करून दाखवत होतं, कुठं कुणी आखाड्यातला डाव शिकवत होतं. लोक ते बघायला यायचे, आणि ते येत होते म्हणून माझ्यात मोल होतं. माझं स्वतःचं तेज वगैरे काही नाही. ती नजर उठली तर मी नुसता आकडा! लाज वाटली, खरंच वाटली. पण त्याहून जास्त आनंद झाला, कारण मी कोण आहे ते मला पहिल्यांदाच कळलं.

संगमेशनं विसार परत केला आणि चांदणीच्या गळ्याला मिठी मारली. शिवगंगाबाईंनी डोळ्याला पदर लावला, पण लगेच ओरडल्याही, "सोड तिला, दूध आटवशील तिचं!"

अमरसिंह मात्र हिरमुसले. "आता मी काय रिकाम्या हातानं जाऊ व्हय? म्हस न्हाय तर न्हाय, ते नाणं तरी द्या की!"

संगमेशनं क्षणाचाही विचार केला नाही. सगळंच्या सगळं गलका त्यानं अमरसिंहांना विकलं, आणि त्या पैशातून चांदणीच्या शेजारी दुसरी पंढरपुरी म्हैस आणली. अशी मी म्हशीऐवजी जयसिंगपूरला गेले!

अमरसिंहांनी मोठ्या उमेदीनं गलकावर आपल्या मिशांचा फोटो टाकला. कुणी ढुंकून बघितलं नाही. मग जीपचा टाकला. तेच. नुसतं नाणं जवळ असून कुणी बघायला येत नाही, हे त्यांच्या लक्षात यायला फार दिवस लागले नाहीत. एका संध्याकाळी ते कट्ट्यावर येऊन उभे राहिले.

"काकू, चांदणीचा एक व्हिडिओ काढू द्या की."

"काढा की, पावणं! पर आधी दूध प्या. त्याचं पैसं येगळं हं!"

अमरसिंहांनी पेला तोंडाला लावला. मिशांना फेस लागला, डोळे मिटले. मग त्यांनी फोन खिशात टाकला आणि दुसरा पेला मागितला. व्हिडिओ राहूनच गेला!

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. मला जपून काय होणार? पण उद्या कुणी तुमच्यापुढं माझ्यासारखं एखादं नाणं नाचवलं, तर शिवगंगाबाईंसारखं तोंडावर विचारा, ह्यामागं म्हैस कुठली? आणि ती सापडलीच, तर आधी तिला वैरण घाला, मग माझा भाव बघा.